सभा वर, आम्ही खाली

मा. सरपंचसाहेब आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब,


मागची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, याचे वाईट वाटले. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी तो आकडा, तेवढेही गावातून निघाले नाहीत. आम्ही काही जण आलो होतो, पण आमच्या तीनचाक्या पायऱ्यांखाली उभ्या होत्या आणि सभा वर होती. आम्हाला मोजले नाही, ते नियमाला धरूनच झाले. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून कामेही अडली नाहीत.

सभेची वर्दी तर आपण चोख देता. नोटीस फळ्यावर लागते, ती अंधांना दिसत नाही. दवंडी फिरते, ती बहिऱ्यांना ऐकू जात नाही. दोघांना सारखाच न्याय!

रॅम्पबद्दल विशेष आभार. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असे मानक सांगते. आपल्या दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट लागले असते. आपण पाच फुटांत आटोपले आणि गावातल्या पोरांना घसरगुंडी मिळाली. वर उंबरा राखून परंपराही जपलीत. शिवाय तिथे मोटारसायकली लावायची सोय झाली, ती वेगळीच.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, नियम २०१७ चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ मध्ये संपली. सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. पण दिल्लीहून आपल्या गावी यायला वेळ लागतो, आणि शेवटी पायऱ्या आहेतच.

एक कोडे मात्र सुटत नाही. मतदानाच्या दिवशी शाळेत लाकडी उतार येतो, व्हीलचेअर येते, ढकलायला स्वयंसेवक येतो. २०२४ च्या लोकसभेला तर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरबसल्या मत द्यायची सोय होती. म्हणजे आमचे मत घरी येऊन नेता येते, पण पाणीपट्टीचा हिशेब विचारायला निघालो की मध्ये जोते येते. मत हवे, प्रश्न नको, असा तर हिशेब नाही ना?

स्वनिधीतले ५ टक्के आमच्यासाठी असतात. त्याचे वाटप करताना आपण सर्वजण खाली अंगणात येता, आमच्या शेजारी उभे राहून फोटो काढता. तेव्हा एकाचाही पाय दुखलेला पाहिला नाही. पण तो निधी कशावर खर्चावा, हा ठराव वर होतो, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'.

तरी विनंती एवढीच, की १५ ऑगस्टची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात घ्यावी. जमीन सपाट आहे, खर्च शून्य आहे. ठराव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि मोठ्याने वाचून दाखवावा. हा अर्ज आवक नोंदवहीत चढवून पोच द्यावी. पोच घ्यायला वर येता येणार नाही, तेव्हा शिपायाकरवी खाली पाठवावी.

आपला नम्र,
पायऱ्यांखालचा एक मतदार