आधी छापा, मग विका

वेस्टर्न डिजिटलच्या ४ टीबीच्या 'रेड' हार्ड डिस्कच्या मॉडेल क्रमांकात एक अक्षर बदललं. शेवटी 'ईएफआरएक्स' असायचं, तिथे 'ईएफएएक्स' आलं. मालिकेचं नाव तेच, लाल रंग तोच, आणि 'एनएएससाठी बनवलेली' हा दावाही तोच. आतल्या डिस्कची लिहिण्याची पद्धत मात्र पार बदलली होती. कंपनीने त्याबद्दल ग्राहकाला चकार शब्द सांगितला नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये हे उघडकीला आलं, तेही कंपनीच्या तोंडून नाही. जुन्या डिस्कच्या जागी नवी बसवल्यावर साठवणपेट्या ती नाकारू लागल्या, तेव्हा वापरणाऱ्यांनीच शोध सुरू केला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा एक नेटवर्क व्यवस्थापक त्यांत होता. डिस्क नेमकी कोणत्या पद्धतीने लिहिते, असं एकाने कंपनीला विचारलं, तर ही माहिती आम्ही ग्राहकांना सहसा देत नाही, अशा अर्थाचं उत्तर आलं. पैसे ग्राहकाचे, माहिती ग्राहकाची, पेटी ग्राहकाची. तरी सांगणार नाही.

आता हे कोणाच्या पोटावर येतं ते बघा. एनएएस म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी. दोन, चार किंवा जास्त हार्ड डिस्क आत बसवायच्या, पेटी राउटरला जोडायची, आणि घरातल्या किंवा ऑफिसातल्या सगळ्यांनी ती वापरायची. आपल्याकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत ती दिसते, सीएंच्या ऑफिसात दिसते, आर्किटेक्टकडे दिसते. आता घराघरांतही येऊ लागली आहे, कारण मोबाइलवरचे फोटो मावेनासे झालेत आणि क्लाउडचं भाडं दरमहा भरायचं जिवावर येतं. पेटी अनेकदा रिकामी मिळते. आतली डिस्क तुम्ही निवडायची. पेटीची निवड लोक महिनाभर करतात आणि डिस्क दुकानदार देईल ती घेतात. हे साफ उलटं आहे. तुमचा मजकूर पेटीवर नसतो, डिस्कवर असतो.

तर ती पद्धत. हार्ड डिस्कची लिहिणारी सुई वाचणाऱ्या सुईपेक्षा जास्त रुंद पट्टा व्यापते. नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, प्रत्येक पट्टा शेजारच्यापासून वेगळा ठेवतात. दुसरी पद्धत एसएमआर. तिच्यात नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवतात, कारण वाचायला अरुंद कड पुरते. कोकणातल्या घरावरची कौलं आठवा: मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. एसएमआर डिस्कवर मधला एखादा तुकडा बदलायचा तर पुढचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. फायदा कोणाला? तेवढ्याच जागेत जास्त मजकूर मावतो, म्हणजे तीच क्षमता कमी तबकड्यांत बसते आणि बनवण्याचा खर्च उतरतो.

एसएमआर डिस्क ही चोरी नव्हे. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या बॅकअपला ती चालते, बाहेरून जोडायच्या पोर्टेबल डिस्क तर सर्रास एसएमआर असतात. त्या डिस्कवर नवा मजकूर आधी एका मोकळ्या, सीएमआर पद्धतीच्या भागात उतरवून घेतात, आणि डिस्क निवांत असताना तो योग्य जागी सरकवतात. दिवसभरात दहा फाइली ठेवणाऱ्याला फरक कळणारही नाही. वेस्टर्न डिजिटलने बचावात हेच सांगितलं: घरच्या एनएएसला मधेमधे विश्रांती मिळते, तेवढी पुरते.

नाही पुरत. एनएएसमध्ये अनेक डिस्क एकत्र का बसवतात? एक गेली तर बाकीच्यांवरून मजकूर सावरता यावा म्हणून. मेलेली डिस्क काढायची, नवी बसवायची, आणि पेटी बाकीच्या डिस्क वाचून नवीवर सगळं पुन्हा लिहिते. याला रीबिल्ड म्हणतात. त्या काळात विश्रांती नसते. अखंड लिहिणं चालतं, आणि एका डिस्कचंच संरक्षण असलेल्या रचनेत तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली की सगळं गेलं. हीच ती वेळ, जिच्यासाठी तुम्ही एनएएसचे पैसे मोजलेत. त्याच वेळी एसएमआर डिस्कचा मोकळा भाग भरतो, वेग कोसळतो, आणि कधी कधी पेटीला वाटतं की नवी डिस्कही मेली. सर्व्ह द होम या अमेरिकन तांत्रिक प्रकाशनाने २०२० मध्येच ही चाचणी झेडएफएस प्रणालीवर घेतली. सीएमआर डिस्कवर जे काम एका दिवसाच्या आत उरकलं, त्याला 'ईएफएएक्स' डिस्कने नऊ दिवसांहून जास्त घेतले. संरक्षणाशिवाय नऊ दिवस! ज्या स्टुडिओत हंगामातल्या सगळ्या लग्नांचं शूटिंग त्या पेटीत आहे, त्याच्या मालकाला हे नऊ दिवस कसे जातील ते कंपनीने स्वतःला विचारायला हवं होतं.

जून २०२० मध्ये कंपनीने नावं बदलली. एसएमआर डिस्कचं नाव 'रेड'च राहिलं, सीएमआर डिस्कना 'रेड प्लस' म्हटलं, वर 'रेड प्रो' होतीच. म्हणजे जी गोष्ट ग्राहकाला आधी नुसत्या 'रेड'मध्ये मिळत होती, तिच्यासाठी आता 'प्लस' शोधायचं. अमेरिकेत सामूहिक खटला झाला, २०२१ मध्ये २७ लाख डॉलरवर मिटला. ग्राहकाच्या वाट्याला काय? लहान डिस्कमागे चार डॉलर, मोठीमागे सात. तेही अमेरिकेतल्या खरेदीदारांपुरतं. माझं मत स्पष्ट आहे: ही भरपाई म्हणजे ग्राहकाचा अपमान आहे. चार डॉलरमध्ये कोणाचं रीबिल्ड पूर्ण होत नाही.

आणि लपवाछपवी एवढ्यावर थांबलेली नाही. २०२० मध्येच आणखी एक गोष्ट निघाली. याच कंपनीच्या काही डिस्कवर '५४०० आरपीएम क्लास' असं लिहिलेलं होतं. लोकांनी डिस्कजवळ मायक्रोफोन धरला, आवाज तपासला, तर कंपन निघालं सेकंदाला १२०. म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे. 'क्लास' या शब्दाचा आडोसा घेऊन फिरण्याचा वेग झाकला होता. जास्त वेगाने फिरणारी डिस्क जास्त तापते आणि जास्त आवाज करते. झोपायच्या खोलीत पेटी ठेवणाऱ्याला हे आधी कळायला नको?

जानेवारी २०२५ मध्ये तर जर्मनीतल्या 'हाइझे' या प्रकाशनाने याहून वाईट प्रकार बाहेर काढला. सीगेटच्या काही डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या, प्रत्यक्षात त्या हजारो तास चाललेल्या होत्या. डिस्कमधली वापराची नेहमीची नोंद, जिला स्मार्ट म्हणतात, ती शून्यावर आणून ठेवली होती. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी खोल नोंद असते, ती पुसली गेली नव्हती. तिने खरे तास सांगितले. या डिस्क आपण पुरवल्या नाहीत, असं सीगेटने सांगितलं. त्यांपैकी बऱ्याच डिस्क 'चिया' या आभासी चलनाच्या कारखान्यांतून आल्याचा संशय आहे. पुढे मलेशियात अशा डिस्कच्या एका गोदामावर छापाही पडला. इथे दोष पुरवठ्याच्या साखळीतल्या भामट्यांचा, पण फटका त्याच ग्राहकाला.

पेटी बनवणारेही कमी नाहीत. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं की नव्या 'प्लस' पेट्यांत आमच्या यादीतल्याच डिस्क बसवा. वापरणाऱ्यांनी एवढा ओरडा केला, की ऑक्टोबरमध्ये कंपनीला पाऊल मागे घ्यावं लागलं. ग्राहकांनी ओरडा केला की फरक पडतो, याचा हा ताजा पुरावा आहे.

मग घ्यायची कोणती? वेस्टर्न डिजिटलची 'रेड प्लस' किंवा 'रेड प्रो', सीगेटची 'आयर्नवुल्फ', तोशिबाची 'एन३००'. या सीएमआर आहेत. साध्या संगणकासाठीची स्वस्त डिस्क पेटीत घालू नका. तिच्यातल्या अनेक मॉडेलांत एसएमआर असतं, आणि दुसरंही कारण आहे. एखादा तुकडा वाचता येईना, तर साधी डिस्क बराच वेळ प्रयत्न करत बसते. एनएएसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि काम पेटीकडे सोपवते, कारण तोच तुकडा पेटीला दुसऱ्या डिस्कवरून मिळू शकतो. सात सेकंदांच्या या शिस्तीअभावी धडधाकट डिस्कही पेटी बाहेर काढते.

'प्रो' लागते का? घराला नाही. 'रेड प्लस' आणि 'आयर्नवुल्फ' वर्षाला १८० टीबी वाचन-लेखनासाठी आखलेल्या आहेत, म्हणजे रोज जवळपास अर्धा टीबी. एवढं कोणतं घर वापरतं? वॉरंटी तीन वर्षांची. 'प्रो'ला पाच वर्षं. रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्या स्टुडिओने मात्र जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. आणि माहितीपत्रकात बिघाडाविना चालण्यासाठी दिलेल्या 'दहा लाख तास' या आकड्याने हुरळून जाऊ नका. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं, तेवढी कोणतीही डिस्क चालणार नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यांतल्या नऊएक जातील. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या सुमारे तीन लाख डिस्कचे आकडे जाहीर करते, तिथे २०२४ मध्ये वर्षाला १.५७ टक्के डिस्क गेल्या. मरणारच, हे धरून चाला. दोन डिस्क घेताना शक्य तर वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत येणार नाही. पेटीला यूपीएस लावा, आणि विदर्भात किंवा मराठवाड्यात असाल तर बंद कपाटात तर मुळीच ठेवू नका. आणि एनएएस म्हणजे बॅकअप, हा गैरसमज आजच काढून टाका. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते. एक प्रत पेटीबाहेर, जमलं तर दुसऱ्या घरी, हवीच.

राहिला कायदा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क मानतो. डिस्क लिहिते कशी, फिरते किती, ही दर्जाची माहिती नाही तर काय आहे? पुठ्ठ्याच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापता येते, तर 'सीएमआर' किंवा 'एसएमआर' ही तीन अक्षरं छापायला शाई किती लागते? ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनीही ती वस्तूच्या नावातच लिहावीत. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात लिहिलेलं चालणार नाही.

तोवर काम तुमचंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, पैसे देण्याआधी पूर्ण मॉडेल क्रमांक मागा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तो सीएमआर आहे का ते बघा. ही डिस्क भारतातल्या वॉरंटीची आहे का, तेही विचारा, कारण परदेशातून आणलेल्या डिस्कला इथे वॉरंटी नाकारली जाऊ शकते. पावतीवर मॉडेल आणि सिरियल क्रमांक दोन्ही लिहून घ्या. घरी आल्यावर आधी वापराचे तास तपासा, सीगेटची असेल तर फार्मची नोंदही बघा, आणि मगच मजकूर चढवा. सांगितलं एक आणि हाती दिलं दुसरं, तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.