वारा सासरचा

(रंगमंचावर एक स्टूल. विंगेत मोठा पंखा. चाळिशीतली बाई पाठीवर टम्म सॅक आणि अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून येते. पंखा सुरू होतो, रेनकोट तंबूसारखा फुगतो. ती दोन्ही हातांनी तो खाली दाबते.)

आधी तो पंखा बंद करा! (पंखा थांबतो.) नंतर लागणार आहे. तेव्हा सांगते.

तर, आमच्या घरात माणसं पाच आणि दारं सात. संडास-बाथरूमची धरून. आमचा संसार त्या दारांवर चाललाय. सासूबाई रागावल्या की स्वयंपाकघराचं दार ओढून घेतात. मी बेडरूमचं लावते. नवरा बाथरूमचं. अर्ध्या तासाने कुकरची शिट्टी झाली की सगळे आपापल्या दारातून बाहेर! जसं काही झालंच नाही. अशा घराला कधीही डोंगराच्या धारेवर नेऊ नये. तिथे लावायला दार नसतं हो!

आम्हाला तिथे युनेस्कोने नेलं. म्हणजे, २०२५ च्या जुलैमध्ये बातमी आली, मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेपर टेबलावर आपटला.

(सासरे. चष्मा कपाळावर.) ‘लोहगड! घरापासून दीड तासावर! युनेस्कोला पॅरिसमधून दिसला. आणि आमच्या घरच्यांना? मॉल दिसतो!’

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांना रागवायला एकट्याचा आवाज पुरत नाही. मोठी संस्था लागते.

ठरलं. श्रावणातला रविवार. त्यात वन्सं माहेरपणाला आलेल्या, म्हणजे एकूण सहा. सासूबाई म्हणाल्या, ‘चार पुऱ्या घेते बरोबर.’ तिखटमिठाच्या चार पुऱ्या म्हणजे दोन डबे. शिवाय बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं आणि दही. दही स्टीलच्या डब्यात, डब्याला फडकं बांधून, वर रबर. हे सगळं माझ्या सॅकमध्ये. का? तर, ‘तू तरुण आहेस.’ आमच्याकडे मला तरुण फक्त ओझं उचलताना म्हणतात.

लोकलने मळवली, तिथून जीपने लोहगडवाडी, आणि मग पायऱ्या. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगड चढायचा नसतो. सरकायचा असतो. पुढचा सरकला की तुम्ही सरकायचं. वाट नागमोडी, आणि एकामागे एक चार दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. शत्रू वळणात अडकावा आणि वरून त्याचा समाचार घ्यावा, अशी ती रचना. शत्रूचं मला माहीत नाही. रविवारी कोथरूड आणि चिंचवड हमखास अडकतं.

बाबा नेमके अरुंद जागी थांबले.

‘पुरंदरचा तह! १६६५! तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात हा! आणि १६७० ला...’ हात वर, बोट आभाळाकडे, ‘परत घेतला!’

मागून एक मुलगा म्हणाला, ‘काका, किल्ला घेतला ना? आता पुढचं पाऊल घ्या.’

वर पोचलो. नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनांचं तळं आहे, तिथे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चटई सोडायला घेतली. बाबा म्हणाले, ‘इथे नाही. विंचूकाट्यावर जाऊन खायचं.’

विंचूकाटा पाहिलाय कोणी? गडाच्या पश्चिमेला डोंगराची एक लांबलचक सोंड निघालीय. पंधराशे मीटर लांब, तीसेक मीटर रुंद. वरून थेट विंचवाची नांगी. दोन्हीकडे कडा. झाड नाही, आडोसा नाही. टेहळणीला उत्तम, संसाराला वाईट. तीस मीटर म्हणजे ऐसपैस, असं मलाही वाटलं होतं. पण श्रावणात गुडघाभर गवत, त्यात दाट धुकं, आणि मधून एका माणसापुरती मळलेली वाट. उरलेली रुंदी आहे, हे श्रद्धेने मानायचं.

नांगीवर जायला आधी कातळाचा एक टप्पा उतरावा लागतो. (स्टुलावर बसते, पाय खाली सोडते.) सासूबाई बसून उतरल्या. दगडावरून बारीक धार वाहतेय, खोबणीत शेवाळ, आणि ज्या खोबणीत हात घालायचा तिथे एक करंगळीएवढा खेकडा, दोन्ही नांग्या उगारून. आईंनी चष्म्यावरचं पाणी ओढणीने पुसलं. त्याच्याकडे पाहिलं. (सासूबाई, थंडपणे.) ‘सरक.’

सरकला हो! मी इतकी वर्षं त्या घरात आहे, मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

खाली उतरलो आणि प्रश्न आला, पुढे कोण? घरी सगळे हॉलमध्ये पसरलेले असतात, कोण कुणाच्या पुढे ते कळत नाही. एका माणसाच्या वाटेवर ते कळतं. सर्वांत पुढे बाबा, कारण इतिहास. मग नवरा, कारण त्याच्या फोनमध्ये नकाशा. मग मी, कारण डबे. माझ्यामागे सासूबाई, कारण डब्यांवर लक्ष. मग वन्सं. आणि शेवटी आमचा बारा वर्षांचा चिरंजीव, दगडांना लाथा मारत.

आता लावा पंखा. (पंखा समोरून सुरू होतो. ती वाकून, डोळे बारीक करून जागच्या जागी चालते.)

पावसाळी वारा. पश्चिमेकडून. थेट तोंडावर! आणि अशात मला नवऱ्याशी एक खाजगी बोलायचं होतं. घरी जमत नाही, सात दारं असली तरी भिंती आईंच्या बाजूच्या आहेत. म्हटलं, डोंगरावर कोण ऐकतंय!

(पुढे वाकून, हळू.) ‘अहो, दिवाळीचा फराळ यंदा बाहेरून सांगितलाय. आईंना कधी सांगायचं?’

(नवरा, कानावर हात.) ‘काय?’

‘फराळ! बाहेरून!’

‘काय?’

‘चकल्या विकत आणायच्या!’

‘ऐकू येत नाही, नंतर सांग!’

आणि माझ्या सॅकवर मागून काठीची टकटक झाली. (सासूबाई.) ‘चकली मीच करणार.’

तेव्हा मला वाऱ्याचं कळलं. वारा समोरून येत होता. म्हणजे मी जे बोलत होते ते पुढे नवऱ्यापर्यंत पोचतच नव्हतं. ते थेट मागे, घरपोच, सासूबाईंच्या कानात! वारा माहेरचा नव्हता हो. सासरचा होता.

पण वारा काय माझ्याजवळ सुरू होत नाही. पुढे नवरा बाबांना सांगत होता, आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. (नवरा, हसत.) ‘फराळाचं आईला हीच सांगेल. मी म्हणणार, मला माहीतच नव्हतं. आई चिडेल दोन दिवस, पण हिच्यावर!’

म्हणजे याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं! मी थांबले. माझ्यामागे काठीही थांबली. कारण वारा माझ्यापाशीही थांबत नाही. आईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघींना एकाच वेळी एकाच माणसाचा राग आला, हे पहिल्यांदा.

बाबांना मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. सगळ्यात पुढे होते ना! कुणाचाही शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता आणि त्यांचा प्रत्येक शब्द सगळ्यांना पोचत होता. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. टोकाशी पोचलो तर समोर नुसतं पांढरं! पाच फुटांपलीकडे जग नाही. (सासरे, काठीने दाखवत.) ‘तो बघा तुंग! तो तिकोना! आणि हे खाली पवनेचं पाणी!’ सगळं पांढरं! आम्ही पांढऱ्याकडे बघून ‘वा, वा’ म्हटलं. वन्संनी पांढऱ्याचा फोटो काढला. पुऱ्या पांढऱ्यात बसून खाल्ल्या. दह्यात पावसाचं पाणी पडून त्याचं ताक झालं, तेही वाढलं गेलं.

मग परत. म्हटलं आता सुटले. जागच्या जागी मागे वळायचं, म्हणजे सासूबाई माझ्यापुढे, मी त्यांच्यामागे. त्यांच्या पाठीमागे काहीही बोलता येईल. पाठीमागे बोलण्यासाठीच तर पाठ असते!

(वळते. पंखा आता तिच्या पाठीवर. रेनकोट डोक्यावरून पुढे उडतो. मान मागे करून, हळू.) ‘अहो, पण मी त्या बाईंना अडीच हजार ॲडव्हान्स दिलाय.’

आई थांबल्या. मागे वळल्या नाहीत. (सासूबाई, समोर बघत.) ‘परत माग.’

आम्ही वळलो होतो. वारा कुठे वळला होता!

आणि मग माझ्या मनात आलं, हे सगळं आईंपाशी तरी का थांबेल? आईंच्या पलीकडे वन्सं. वन्संच्या पलीकडे कोण? चिरंजीव. जाताना सगळ्यात मागे, येताना सगळ्यात पुढे, पण वाऱ्याच्या हिशोबात कायम शेवटचा. आजोबांचा इतिहास, बापाचा डाव, आईचा ॲडव्हान्स, आजीचे उसासे, आत्याचं पुटपुटणं. सगळं त्याच्याकडे जमा. आणि पोरगं दिवसभर एक शब्द बोललं नव्हतं.

संध्याकाळची पुण्याची लोकल. डब्यात मुंगीला जागा नाही. सासूबाईंना एका भल्या माणसाने खिडकी दिली, वन्सं शेजारी टेकल्या, आम्ही उभे. कामशेत गेलं, वडगाव गेलं. चिरंजीव दांडीला लटकून माझ्या कानाशी म्हणाला, ‘आई, सायकल कधी घेणार?’

म्हटलं, ‘दहावीनंतर.’

‘बरं,’ म्हणाला. तळेगाव आलं. गाडी थांबली. पंखे बंद, डबा चिडीचूप. पोराने घसा साफ केला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

(मुलगा, गोड.) ‘आत्या, आजीच्या पुऱ्यांबद्दल तू मघाशी काय म्हणत होतीस गं?’

(सासूबाईंची मान अगदी सावकाश वळते. ती ते पाहते, घाईने पर्स उघडून पैसे मोजू लागते. अंधार.)