विसाव्या कामगाराची भीती

कल्याण–कर्जत रेल्वेमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचा औद्योगिक इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास एका योगायोगाची नोंद प्रारंभीच करावी लागते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले, त्या छावणीचे उल्हासनगर असे नामकरण होऊन नव्या शहराची कोनशिला 8 ऑगस्ट 1949 रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसली. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे 1959 मध्ये, याच राजाजींनी स्वतंत्र पक्ष स्थापून ‘परमिट-लायसन्स राज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सरकारी कागदावाचून कोणालाही धंदा करू न देणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध मोहीम उघडली. ही प्रेरणा त्यांना उल्हासनगरच्या कोनशिलेपाशी मिळाली असे मानण्यास कोणताही पुरावा नाही. मात्र त्या व्यवस्थेचे सर्व प्रकारचे नमुने एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर आजही याहून सोयीची जागा सापडणे अवघड आहे.

नियमांचा बोजा हलका करण्याचा येथील पहिला प्रयोग मात्र कोणत्याही शासकीय समितीने केलेला नाही. येथे तयार होणाऱ्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापले जाई आणि कोणी जाब विचारल्यास त्या तीन अक्षरांचा विस्तार ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा करून दाखवला जाई, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात तथ्य किती हा प्रश्न येथे गौण आहे. विधिशास्त्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, नियमाचे अक्षर पाळून त्याचा आशय मोडता येतो आणि आशय पाळूनही अक्षरापायी दंड भरावा लागतो, हे भारतीय प्रशासनाचे मूलतत्त्व त्या काळच्या दुकानदाराने कोणत्याही विधी महाविद्यालयात न जाता आत्मसात केले होते.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर 5 मध्ये जीन्स शिवणाऱ्या एखाद्या गाळ्याची कागदोपत्री रचना पाहिल्यास बोजा या संज्ञेचा अर्थ स्पष्ट होतो. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, जिला बाजारात अद्याप ‘गुमास्ता’ म्हणतात, व्यवसाय कर, वस्तू व सेवा कर, महापालिकेचा परवाना, अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, असा हा संसार असतो. यांपैकी शेवटच्या कागदाला रंग आहे. प्रदूषणाच्या क्षमतेनुसार उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा व पांढरा अशी वर्गवारी 2016 पासून करण्यात आली असून, पांढऱ्या वर्गातील उद्योगास संमतिपत्राची गरज नसते. मात्र आपण पांढरे आहोत हे कळवण्यासाठी कागद करावा लागतोच. 2025 मध्ये केंद्रीय मंडळाने कचरा व्यवस्थापनासारख्या आवश्यक पर्यावरण सेवांसाठी निळा हा आणखी एक वर्ग निर्माण केला. उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीच्या काठी राहणाऱ्यांना हा रंग नवा नव्हता, कारण जीन्स धुणाऱ्या कारखान्यांच्या कृपेने नदीने तो कित्येक वर्षे आधीच धारण केला होता.

गाळ्याचे कारखान्यात रूपांतर झाले की अभ्यासाचे क्षेत्र खऱ्या अर्थाने समृद्ध होते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 11 नुसार, ज्या भिंतींना तैलरंग वगैरे दिलेला नाही त्यांना किमान दर 14 महिन्यांनी सफेदी करणे बंधनकारक होते, आणि ती केल्याची तारीख विहित नोंदवहीत लिहिणेही बंधनकारक होते. बाराच महिने का नाहीत आणि पंधरा का नाहीत, याचे उत्तर भिंतीलाही देता येणार नाही. परंतु भिंत पांढरी असून नोंदवही कोरी असणे हा दोष, तर भिंत काळी असून नोंदवही भरलेली असणे ही व्यवस्था, असा भेद तपासणीच्या व्यवहारात हळूहळू रुजला असल्यास त्यात आश्चर्य नाही. कलम 20 पिकदाण्यांविषयी आहे. कारखान्यात पुरेशा पिकदाण्या सोयीच्या जागी ठेवणे आणि पिकदाणी सोडून अन्यत्र थुंकणाऱ्यास दंड होईल असा फलक लावणे ही कर्तव्ये मालकाची होती. प्रत्यक्ष थुंकणाऱ्याचा दंड जास्तीत जास्त 5 रुपये होता, तर अधिनियम मोडणाऱ्या मालकास कलम 92 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद होती. भिंत रंगवणाऱ्या दोन पक्षांपैकी चुना वापरणारा तुरुंगास पात्र आणि पान वापरणारा पाच रुपयांत मोकळा, असा हा न्याय सत्त्याहत्तर वर्षे अबाधित राहिला. 21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले, तेव्हा त्याचे आयुष्य संपले.

शिक्षेची ही हौस एका कायद्यापुरती नव्हती. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार देशात व्यवसायाशी संबंधित 69,233 अनुपालने, म्हणजे करावयाच्या नोंदी, विवरणे, परवाने आणि फलक, अस्तित्वात होती आणि त्यांपैकी 26,134 अनुपालनांना तुरुंगवासाची जोड होती. पुढच्याच वर्षी संसदेने जनविश्वास अधिनियम संमत करून 42 कायद्यांतील 183 तरतुदी गुन्हेगारीतून मुक्त केल्या. दोन्ही मोजण्यांची एकके वेगळी असल्याने थेट वजाबाकी शास्त्रशुद्ध ठरणार नाही, ही सुधारकांच्या दृष्टीने समाधानाची बाब आहे.

महाराष्ट्रातील सुधारणेचा मुख्य मार्ग आकड्याचा आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून वगळले आणि त्याऐवजी त्यांनी केवळ ‘सूचना’ द्यावी असे ठरवले. सूचना म्हणजे अर्ज नव्हे. ती विहित नमुन्यात, ऑनलाइन, कागदपत्रे जोडून द्यावयाची असते आणि तिची पावतीही विहित नमुन्यात मिळते, एवढाच फरक. ती भरून देणारा एजंट पूर्वीचाच असतो. 2025 मध्ये दहाची ही मर्यादा वाढवून 20 करण्यात आली. वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील मर्यादाही नव्या संहितेत 10 वरून 20 झाली, जी महाराष्ट्राने काही वर्षे आधीच स्वतःपुरती करून घेतली होती. भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर पूर्वीपासून 20 याच संख्येवर जागा होतो.

परिणामी या पट्ट्यात 19 या संख्येस जे स्थान प्राप्त झाले आहे, ते एखाद्या मोठ्या देवस्थानाला शोभावे. गणवेशाची मोठी ऑर्डर आलेल्या गाळेधारकाच्या मनात प्रथम यंत्राचा विचार येत नाही, विसाव्या माणसाचा येतो. आणि तो टाळण्यासाठी दुसरा गाळा पत्नीच्या नावाने, तिसरा मेहुण्याच्या नावाने घेण्याचा उपाय कोणत्याही हिशेबनीसास विचारला तरी तोच मिळतो. अशा कुटुंबात उद्योगाची वाढ आडवी होते, उभी होत नाही. लहान उद्योगाने मोठे व्हावे असे ज्या शासनाचे धोरण सांगते, त्याच शासनाचा कायदा त्याने लहानच राहावे म्हणून त्याला दरवर्षी बक्षीस देतो. एकोणिसावा कामगार मात्र या बक्षिसात सहभागी नसतो. कामाचे तास, रजा आणि जादा कामाचा मोबदला यांविषयी दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिलेले संरक्षण मर्यादेखालच्या आस्थापनेस लागू होत नसल्याने, मालकाच्या डोक्यावरून उतरलेला बोजा नाहीसा न होता शिलाई यंत्रावर वाकलेल्या माणसाच्या पाठीवर जाऊन बसतो, आणि शासकीय अहवालात त्याची नोंद ‘कपात’ अशी होते.

लहानांना मोठ्यांच्या बरोबरीने वागवल्याचे एक उदाहरण अपवाद म्हणून सांगता येते. मराठी नामफलकाच्या सक्तीतून दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने पूर्वी सुटत असत. 2022 च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली आणि त्याच दुरुस्तीत मद्यालयांना गडकिल्ल्यांची व महापुरुषांची नावे देण्यासही मनाई झाली. ही सक्ती उचितच आहे. रंगाऱ्यांना काम मिळाले, आणि निदान एका नियमाचे पालन रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही डोळ्यांनी तपासता येऊ लागले.

ज्या नियमाचे पालन नाकाने तपासता येत होते, त्याची कथा वेगळी आहे. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरांत उगम पावते, अकराव्या शतकातील शिवमंदिराच्या कुशीतून वाहते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. या मार्गात तिला रसायने, रंग आणि सांडपाणी यांचा पाहुणचार अनेक दशके लाभला, आणि त्या काळात काठावरच्या नोंदवह्या भरल्या जात होत्या. नोव्हेंबर 2014 मध्ये एका टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरमधील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. त्या टँकरने कोणत्या रंगाचे संमतिपत्र बाळगले होते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नसावा. पुढे हरित लवाद आणि न्यायालये यांच्या आदेशांनंतर जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली, आणि नियमांचा अतिरेक म्हणजे काय हे त्या मालकांनी देशास सांगितले. या ठिकाणी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सफेदीची तारीख मागणारा नियम आणि नदीत विष सोडू नये असे सांगणारा नियम यांना ‘अनुपालन’ या एकाच शीर्षकाखाली मोजले जाते. त्यामुळे बोजा कमी करण्याची मागणी पहिल्याच्या नावाने होते आणि सवलत दुसऱ्यात मिळवली जाते. शिवाय नोंदणी केलेल्या गाळ्याचा पत्ता दप्तरात असतो, म्हणून निरीक्षक तेथे पोचतो. ज्याची नोंदच नाही त्याच्याकडे जाण्याचा रस्ता शासनास सहसा सापडत नाही.

उद्योजकास सर्व परवानग्या एकाच ठिकाणी मिळाव्यात यासाठी राज्याने ‘मैत्री’ नावाची एक खिडकी योजना चालवली असून तिला 2023 मध्ये कायद्याचे बळही दिले. खिडकीमागील खोल्यांची संख्या त्या कायद्याने कमी केलेली नाही.

या सर्व गदारोळात लहान उद्योगाच्या बाजूने उभा असलेला एक नियम सहसा चर्चेत येत नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने 45 दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत, आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज दिले पाहिजे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत सुटे भाग घडवून मोठ्या कंपन्यांना पुरवणाऱ्या गाळेधारकास या कायद्याची पूर्ण माहिती असते, आणि हे व्याज मागितले तर पुढची ऑर्डर येणार नाही याचीही असते. केंद्राने आयकर कायद्यात 43 ब (ह) हे कलम घालून, वेळेत न दिलेली रक्कम खरेदीदारास त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येणार नाही अशी तरतूद 1 एप्रिल 2024 पासून केली. तेव्हा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी हा नियम जाचक असल्याची तक्रार केली, आणि ग्राहक तुटेल या भीतीने काही लहान उद्योजकांनी लघुउद्योग म्हणून असलेली आपली ‘उद्यम’ नोंदणीच रद्द करण्याचा विचार केला. नियमांचा बोजा कमी करण्यासाठी यापुढे जी समिती नेमली जाईल, तिने पिकदाण्या, सफेदी आणि पावतीच्या पावत्या खुशाल रद्द कराव्यात. 45 दिवसांच्या या नियमास आणि नदीच्या नियमास मात्र हात लावू नये, आणि शक्य झाल्यास ते पाळले जातात की नाही हे एकदा पाहून यावे.