सिस्टिमवाला

प्रत्येक कंपनीत एक सिस्टिमवाला असतो. त्याला नाव असतं, पण ते पगारपत्रकात. एरवी ‘सिस्टिमवाल्याला बोलव रे’ एवढ्यावर त्याचं भागतं. सर्व्हर रूमच्या एसीमुळे तो मे महिन्यातही स्वेटरमध्ये दिसतो, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असा, की वाड्यातला कोठीवालाच वाटावा.

आमच्या पासवर्डांवर त्याचा फार डोळा. दर ९० दिवसांनी बदला. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. मागचे दहा चालणार नाहीत. अकाउंट्सच्या काकूंनी यावर तोडगा काढला: महिना, वर्ष आणि शेवटी एक उद्गारचिन्ह. मार्च संपला की जून, जून संपला की सप्टेंबर. विसरलंच तर मॉनिटरला पिवळी चिठ्ठी आहे. सिस्टिमवाल्याने ती पाहून सगळ्यांना खरमरीत मेल धाडली. काकूंनी चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवली.

एकदा मी भीत भीत म्हटलं, “अहो, हे नियम ज्यांनी लिहिले त्या अमेरिकेतल्या बिल बर यांनीच २०१७ साली पस्तावा झाल्याचं कबूल केलं. तिथल्या निस्ट या संस्थेनंही त्याच वर्षी सांगितलं, की पासवर्ड फुटल्याचं दिसलं तरच बदलायला लावा.” सोवळ्यात असताना मी शिवलो असावा, असं त्याने माझ्याकडे पाहिलं.

“ऑडिटला चालत नाही.”

ऑडिटपुढे बिल बर यांचं काय चालणार!

वर्षातून एकदा तो आम्हाला प्रशिक्षण देतो. त्यात अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन हमखास येते. २०२१ मध्ये तिचं इंधन थांबलं, कारण हल्लेखोर आत शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, नुसत्या पासवर्डवर. “विसरलेली खाती!” तो टेबलावर हात आपटतो. काकू लिहून घेतात.

आता त्याचं स्वतःचं खातं. म्हणजे त्याचं नव्हे, रात्री बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामचं. बसवताना घाईत काही केल्या चालेना, म्हणून याने त्याला ‘तात्पुरते’ डोमेन ॲडमिनचे अधिकार देऊन टाकले. सगळ्या नेटवर्कच्या तिजोऱ्या उघडल्या! वर ‘पासवर्डची मुदत कधीच संपू नये’ या चौकोनात टिक. त्याला चौदा वर्षं झाली. आता बदलावा तर तो कुठकुठल्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवलाय, हे यालाही आठवत नाही. हलवलं तर कोसळेल, म्हणून टेकू तसाच.

नेटवर्कवर पहाऱ्याला कर्बेरॉस नावाची, प्रवेशाची तिकिटं देणारी यंत्रणा आहे, हे तो छाती फुगवून सांगतो. ग्रीक पुराणात हा पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. पण कुत्रा नियमाचा पक्का. काल लागलेल्या ट्रेनीनेही ‘त्या बॅकअपचं तिकीट दे’ म्हटलं, की देतो. ते तिकीट कुलूपबंद असतं त्या खात्याच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने. घरी न्यावं, चहा ठेवावा आणि संगणकाला एकेक पासवर्ड लावून बघायला सांगावं. पाच चुकांनंतर खातं लॉक, हा कायदा काकूंसाठी. घरी चाललेल्या चुका मोजायला कुत्रा येत नाही. या प्रकाराला कर्बेरोस्टिंग म्हणतात. कुत्रा शाबूत, भाजला जातो तो सिस्टिमवाला.

आमच्याकडे एवढी विद्या लागली नाही. गणपतीत हा कोकणात गेला आणि दुसऱ्याच दिवशी बॅकअप अडला. गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकडीवर. तिथे उभं राहून याने फोन केला, आम्ही स्पीकरवर टाकला. वारा सुटलेला, खाली आरतीची गर्दी.

“लिही! जी कॅपिटल! जी! गोव्याचा जी! ए, अलिबागचा! एन, नागपूरचा!”

“पुढे?”

“पी, पुण्याचा! परत अलिबाग! टी, आय! मग एक दोन तीन!”

दोनदा टाकला. दोनदा चुकला.

तेवढ्यात टेकडीखालून कोणा पोराचा आवाज फोनवर आला, “काका, मघाशी एकच्या आधी ॲट द रेट म्हणाला होतात!”