‘नवा बॅकअप’ लगेच दाबू नका

मॅकच्या पडद्यावर कधीतरी त्याच्या टाइम मशीन या बॅकअप व्यवस्थेची एक सूचना येते. टाइम मशीनने तुमच्या बॅकअपची तपासणी पूर्ण केली आहे, विश्वासार्हता वाढवण्यासाठी आता नवा बॅकअप तयार करायला हवा, असं तीत लिहिलेलं असतं. खाली दोन बटणं: एक ‘नवा बॅकअप सुरू करा’, दुसरं ‘नंतर’. बहुतेक माणसं पहिलं दाबतात. दाबणारच. सूचनेचा सूरच असा आहे, की काहीतरी चांगलं व्हायचंय आणि त्याला फक्त तुमची परवानगी हवी आहे.

प्रत्यक्षात झालेलं असतं ते वेगळंच. घरच्या नेटवर्क डिस्कवर ठेवलेला तुमचा बॅकअप करप्ट झालेला असतो. ते बटण दाबलंत की जुना बॅकअप सगळ्या इतिहासासकट पुसला जातो. टाइम मशीन गेल्या 24 तासांच्या तासागणिक, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवतं. मार्चमध्ये चुकून उडालेला फोल्डर ऑगस्टमध्ये परत काढता येतो तो या प्रतींमुळेच. तो सगळा साठा एका क्लिकमध्ये जातो. सूचनेत पुढे एका वाक्यात हे सांगितलेलं असतं, हे मान्य. पण सुरुवात कशाने होते? विश्वासार्हता वाढवण्याने. ‘तुमचा बॅकअप बिघडला आहे’ हे चार शब्द सगळ्यात वर आणि ठळक हवे होते. ज्या सूचनेवर कुणाच्या तरी कित्येक वर्षांचे फोटो अवलंबून आहेत, तिने आधी वाईट बातमी सांगावी, उपाय मग.

‘नंतर’ दाबून मोकळं होणंही धोक्याचं. सूचना दुसऱ्या दिवशी परत येते आणि तोवर नवे बॅकअप बंद असतात. रोज ‘नंतर’ म्हणणारा माणूस रोज बॅकअपशिवाय काम करत असतो. तेव्हा ‘नंतर’ दाबा जरूर, पण त्याच दिवशी दुरुस्तीला बसा.

मुळात हे बिघडतं कसं? यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर कॉम्प्युटर थेट लिहितो. नेटवर्कवरच्या डिस्कवर, म्हणजे आपण ज्याला नॅस म्हणतो त्यावर, तो थेट लिहीत नाही. तिथे तो स्पार्सबंडल नावाची एक मोठी प्रतिमा तयार करतो आणि ती डिस्कच आहे असं समजून तीत लिहितो. ही प्रतिमा लहान लहान तुकड्यांत साठवलेली असते. नेहमीचा तुकडा 8 एमबीचा. 500 जीबीचा बॅकअप म्हटला की तुकडे साठ हजारांच्या घरात जातात. कोणती फाइल कोणत्या तुकड्यात आहे याची यादीसुद्धा याच तुकड्यांत असते. गोदामात माल येऊन पडला आणि वहीत नोंद व्हायच्या आत मुनीमजींना कुणी उठवून नेलं, तर पुढे वही एक सांगते आणि गोदाम दुसरंच दाखवतं. बॅकअप चालू असताना लॅपटॉप मिटला, वायफाय तुटलं, राउटर बंद-चालू झाला किंवा लाइट गेली, की नेमकं हेच होतं. एकदा झालं तर बहुतेक वेळा निभावून जातं. रोज होत राहिलं की एक दिवस यादीच तुटते.

आपल्याकडे यातलं काय काय होतं ते सांगायला नको. गुरुवारी लाइट जाणार हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरात इन्व्हर्टर असतो, पण तो पंख्यांना आणि दिव्यांना जोडलेला. नॅस आणि राउटर टीव्हीच्या कपाटात, साध्या प्लगवर. हजारो रुपयांची डिस्क घेणारा माणूस तिच्यामागे एक छोटा यूपीएस लावायचं टाळतो, हे मला अजिबात पटत नाही. बऱ्याच नॅसना यूपीएस यूएसबीने जोडता येतो. लाइट गेली की नॅस स्वतः नीट बंद होतो. ज्या घरात आठवड्याला एकदा तरी लाइट जाते, त्या घराला यूपीएसशिवाय नॅस विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला हा धोका तोंडावर सांगायला हवा.

आणखी एक फसगत. नॅसचं पान उघडून पाहिलंत तर तिथे सगळं हिरवं दिसतं. डिस्क ठीक, तापमान ठीक, जागा भरपूर. नॅस खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी तुमचा बॅकअप म्हणजे साठ हजार छोट्या फाइली, आणि त्या जागच्या जागी आहेत. आतली यादी तुटली आहे हे कळायला त्याच्याकडे साधनच नसतं. ‘नॅस तर हेल्दी दाखवतोय’ हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी आहे.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी टाइम मशीनचे आपोआप होणारे बॅकअप बंद करा. मग त्या स्पार्सबंडलची आहे तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, किंवा नॅसमध्ये सोय असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घ्या. बिघडलेल्या वस्तूची प्रत कशाला, असं वाटेल. दुरुस्तीत ती आणखी बिघडू शकते, म्हणून. ज्यांच्या नॅसवर आधीपासून रोजचे स्नॅपशॉट चालू आहेत, त्यांचं काम सोपं आहे: आठवडाभर मागच्या, धड असलेल्या स्नॅपशॉटवर जायचं आणि तिथून पुढे बॅकअप चालू करायचा. ही सोय बऱ्याच नॅसमध्ये असते, फक्त ती चालू केलेली नसते. आजच करा.

त्यानंतर नॅसमधल्या डिस्कच्या तब्येतीचा, म्हणजे ‘स्मार्ट’, अहवाल उघडा. बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरचा आकडा वाढत चाललेला दिसला, तर डिस्कच मरणपंथाला लागली आहे. तिच्यावर तासन् तास दुरुस्ती चालवणं म्हणजे तिचे उरलेले दिवस संपवणं. आधी डेटा दुसरीकडे हलवा.

डिस्क धड असेल तर मॅक लॅन केबलने राउटरला जोडा. वायफायवर हे काम करू नका. चार्जर लावा, स्लीप बंद करा. टर्मिनलमध्ये बंडलच्या फाइलींचं कुलूप काढायचं, एचडीआययूटिल या आज्ञेने प्रतिमा जोडायची पण माउंट करायची नाही, आणि तिच्यावर एफएससीके ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालवायची. मोठ्या बॅकअपला यात अख्खी रात्र जाते. मध्येच थांबल्यासारखं वाटलं तरी हात लावू नका. व्हॉल्यूम दुरुस्त झाला असा निरोप आला की बंडलमधली एक छोटी पीलिस्ट फाइल उघडायची. टाइम मशीनने तुमच्या बॅकअपवर मारलेला ‘नापास’ हा शेरा तिथे असतो. ‘व्हेरिफिकेशनस्टेट’ या नोंदीसमोरचा 2 काढून 0 करायचा, आणि नवा बॅकअप नाकारल्याची तारीख लिहिलेली ओळ असेल तर ती काढून टाकायची. मग प्रतिमा सोडवून बॅकअप पुन्हा सुरू करायचा. टर्मिनलची सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. आज्ञा अंदाजाने टाइप करायच्या नसतात.

ही दुरुस्ती जुन्या एचएफएस प्लस साच्यातल्या बॅकअपना पुष्कळदा लागू पडते. 2020 च्या बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून नवे बॅकअप एपीएफएस साच्यात होतात, आणि तिथे दुरुस्तीची हत्यारं फार थोडी आहेत. दुरुस्ती नाहीच झाली तरी जुना बॅकअप पुसू नका. बंडलचं नाव बदला, बाजूला ठेवा, उरलेल्या जागेत किंवा दुसऱ्या डिस्कवर नवा बॅकअप सुरू करा. करप्ट झालेल्या प्रतिमेतूनही कितीतरी फाइली बाहेर काढता येतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा डेटा रिकव्हरीवाला शोधायची वेळ आलीच, तर त्याच्या हातात द्यायला काहीतरी असायला हवं.

आता विकणाऱ्यांबद्दल. ‘दोन डिस्क आहेत, रेड लावलंय, काळजी नको’ हे वाक्य दुकानात ऐकलंत तर बाहेर पडा. रेड 1 मध्ये जे एका डिस्कवर लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते, करप्ट झालेली यादी दोन्हीकडे सारखीच करप्ट होते. डिस्क मेली तर काम थांबू नये एवढ्यासाठी रेड आहे. बॅकअपचं काम ते करत नाही. सिंकचंही तसंच: ड्राइव्हमधून फाइल काढलीत की फोनवरूनही जाते.

आणि जी डिस्क सतत नेटवर्कवर असते, ती सतत बाहेरच्यांच्या हाताच्या टप्प्यात असू शकते. जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती नेटवर्क डिस्क जगभर इंटरनेटवरून रिकाम्या करण्यात आल्या. या डिस्कसाठी सॉफ्टवेअर अपडेट देणं कंपनीने 2015 मध्येच बंद केलं होतं, तरी लोकांच्या घरी त्या चालूच होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्यूनॅपच्या नॅसवर हल्ला झाला; फाइली 7-झिपमध्ये कुलूपबंद करून खंडणी मागितली गेली. नॅस इंटरनेटला उघडा ठेवू नका, आणि ज्याला अपडेट येणं बंद झालंय तो घरात ठेवायचाच असेल तर निदान इंटरनेटपासून तोडा.

मोठ्यांचंही चुकतं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे 300 जीबीचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे अनेक मार्ग लावलेले होते. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे कित्येक दिवस होतच नव्हता. तो होत नाही हे सांगणारे ईमेल मेलव्यवस्थेने नाकारले होते, म्हणून कुणाला कळलंच नाही. अखेर सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर सगळं भागलं. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जाहीर लिहिलं; त्याबद्दल तिचं कौतुक करायला हवं. पण तिथल्या जाणत्या लोकांनाही जे दिसलं नाही, ते घरच्या हिरव्या दिव्यावरून आपल्याला दिसेल असं मानणं चुकीचं आहे.

मग करायचं काय? छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब अजून खरा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. नॅसवरचा बॅकअप राहू द्या, तो सोयीचा आहे. पण त्याच्या जोडीला एक साधी यूएसबी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा तिच्यावर बॅकअप घ्या, केबल काढा आणि डिस्क बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. लग्नाचे फोटो, आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, शेताच्या कागदांचे स्कॅन, मुलाचा प्रोजेक्ट: यांतलं दुकानात काहीच पुन्हा विकत मिळत नाही.

या रविवारी अर्धा तास काढा. टाइम मशीन उघडा, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेवर जा, एक फोटो आणि एक कागद निवडून डेस्कटॉपवर परत काढा आणि दोन्ही उघडून पाहा. उघडले नाहीत, तर ‘नवा बॅकअप’चं बटण दाबायच्या आधी वरची दुरुस्ती वाचा.