मान्यतेस्तव सादर

विद्यापीठात ज्ञान नेमकं कुठे असतं असं विचारलं, तर नवा प्राध्यापक प्रयोगशाळेकडे बोट दाखवतो आणि जुना प्राध्यापक लेखा विभागाकडे. तिथे खिडकीपासून दुसऱ्या टेबलाशी भाऊसाहेब बसतात. हुद्दा कक्षाधिकारी. कुलगुरू पाच वर्षांनी बदलतात. भाऊसाहेब बदलले तरी जिन्याच्या या बाजूचे त्या बाजूला जातात, आणि त्यांच्यामागून नस्त्या जातात.

बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाची नस्ती त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. घरात लक्ष्मी आली की आपण दार उघडतो. भाऊसाहेब आधी तिचं पॅनकार्ड मागतात.

परवा रसायनशास्त्राचे एक तरुण सर आले. चाकणची एक कंपनी रंगाच्या सांडपाण्यावर काम करायला पैसे देत होती. सर खुशीत होते. करार झालाच होता म्हणा, कंपनीची सही, सरांची सही, सगळं.

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. वाचताना ते चष्मा काढतात. लावतात तो समोरचा माणूस पाहायला. हातात पेन्सिल. समासात टिंबं पडू लागली. पेन कधीच नाही, कारण पेन्सिल पुसता येते आणि पुसलेल्याला माहितीचा अधिकार लागू होत नाही, असं त्यांचं मत.

"सर, इथं सही तुमची आहे."

"हो. प्रमुख संशोधक मीच आहे ना."

"विद्यापीठाच्या वतीनं करार कुलसचिव करतात. 2016 च्या कायद्यात आहे. तुम्ही सही केलीत, म्हणजे आता हे पाणी तुम्ही घरी, तुमच्या मोरीत शुद्ध करणार."

सर हसले. भाऊसाहेब हसले नाहीत.

"आणि बॉन्ड शंभराचा. तो काळ गेला. ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा. आता सांगा, हे अनुदान की सल्लागारी?"

"तसं दोन्ही म्हणता येईल."

"म्हणू नका."

एवढं बोलून त्यांनी ड्रॉवरमधून एक कात्रण काढलं. 2024 साली दिल्लीच्या आयआयटीला संशोधन अनुदानांवरच्या जीएसटीची 120 कोटींची नोटीस आली होती, त्या बातमीचं. दुसरे लोक पाकिटात देवाचा फोटो ठेवतात. पुढे जीएसटी परिषदेनं संशोधन अनुदानाला सूट दिली, 10 ऑक्टोबरपासून लागू झाली, पण भाऊसाहेबांनी कात्रण टाकलं नाही. "सूट अनुदानाला आहे. तिच्यासाठी लागतं ते आयकराच्या यादीत आपलं नाव आहे, तेही मी पाहून ठेवलंय. पण तुम्ही करारात 'सेवा पुरवण्यात येईल' असं लिहिलंत की ती झाली सल्लागारी. मग अठरा टक्के. कोण भरणार? कंपनी म्हणते रक्कम सर्व करांसह. म्हणजे आपण."

सरांनी खुर्ची ओढून घेतली. आतापर्यंत उभे होते.

पुढचं पान. वाद झाल्यास न्यायक्षेत्र गुरुग्राम. "तारखेला कोण जाणार? या प्रकल्पात प्रवासभत्त्याची तरतूद फक्त नमुने गोळा करण्यापुरती आहे." टिंब. विद्यापीठाचा वाटा, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात, सरांनी कंपनीला वाईट वाटू नये म्हणून निम्मा धरला होता. टिंब. (आपण विजेचं बिल भरतो तेव्हा कंपनीला काही वाटत नाही, हे भाऊसाहेबांनी छताकडे बघत सांगितलं.)

आता मला इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की अशा वेळी आम्ही प्राध्यापक बाहेर कॅन्टीनला बसून भाऊसाहेबांना शिव्या घालतो. संशोधनाचं वातावरण, परदेशात कसं एका ईमेलवर काम होतं वगैरे. पण त्या दिवशी भाऊसाहेब नवव्या कलमाशी थांबले, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"गोपनीयता पाच वर्षं. यावर काम कोण करणार?"

"माझी विद्यार्थिनी. पीएचडी याच विषयावर आहे तिची."

"मग प्रबंध शोधगंगेवर कसा टाकणार? टाकला नाही तर पदवी नाही, टाकला तर कंपनीची नोटीस. पाच वर्षं पोरगी काय करणार, रंग धुणार?"

सर गप्प. ते कलम कंपनीच्या वकिलानं लिहिलं होतं. कंपनीच्या साहेबांनी, सरांनी, विभागप्रमुखांनी आणि संशोधन कक्षानं ते 'वाचून मान्य' केलं होतं. वाचलं होतं एकट्या भाऊसाहेबांनी.

मसुदा बदलला. प्रकाशनापूर्वी कंपनीला साठ दिवस दाखवायचं, पेटंटचा अर्ज करायचा तर तेवढ्यात करा, पुढे प्रबंध मोकळा. कंपनीनं एका दिवसात मान्य केलं. त्यांनाही बहुधा ते कलम कुठून आलं ते आठवत नव्हतं.

यावरून भाऊसाहेब देवमाणूस आहेत असा समज करून घेऊ नये. नस्ती त्यानंतर वर गेली आणि 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली. कुणी, कुणाशी, कशावर, ते शेऱ्यात नसतं. भाऊसाहेबांनी तो शेरा शांतपणे पाहिला, खाली 'चर्चेनुसार पुनश्च मान्यतेस्तव सादर' असं लिहिलं आणि नस्ती पुन्हा वर पाठवली. चर्चा झाली होती का? "साहेब जिन्यात भेटले. मी नमस्कार केला, ते 'हां' म्हणाले." मान्यता आली.

पहिला हप्ता मार्चमध्ये आला. सरांनी जल्लोषात विनियोग प्रमाणपत्राचा नमुनाही आणला, 19-ए, सिनियरांच्या जुन्या फोल्डरमधून. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, 2017 पासून 12-ए. आणि तो सरकारी अनुदानाचा. ही कंपनी आहे. तुम्ही आधी खर्च तरी करा."

तेव्हा बाहेरचा करार मिळालेल्या तमाम प्राध्यापकांना विनंती: मसुदा सहीआधी भाऊसाहेबांना दाखवा, सहीनंतर नव्हे. महिनाअखेरीस जाऊ नका, पगारबिलं असतात. नववं कलम स्वतः एकदा वाचून जा. आणि बॉन्ड पाचशेचाच न्या.