नानांचा रंधा तयार आहे

आमच्या सोसायटीतले नाना बँकेतून निवृत्त झाले आणि सुतारकामात पडले, असं लोक म्हणतात. ते अर्धसत्य आहे. नाना पडले ते रंध्यात. सुतारकामापर्यंत ते अजून पोचलेले नाहीत.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर ते हमखास दिसतील. गंजके नळ, मिक्सरची झाकणं, किल्ली हरवलेली कुलपं अशा ढिगासमोर उकिडवे बसलेले. रंधा नजरेला पडला की कुणाच्या दहाव्याला आल्यासारखा चेहरा करतात आणि विचारतात, "हे काय असतं हो?" विकणारा म्हणतो, "लोखंड आहे काका, चांगलं जड आहे." नाना नाक मुरडून घासाघीस करतात आणि रिक्षात बसल्यावर रुमालाने माती पुसून अक्षरं वाचायला लागतात. असाच एकदा त्यांना स्टॅन्ली कंपनीचा चार नंबर गवसला. पात्याच्या मागे बिडात ओतलेल्या पेटंटच्या तीन तारखा, शेवटची १९ एप्रिल १९१०. मूठ ब्राझीलच्या रोझवूडची. त्या संध्याकाळी नानांनी अख्ख्या विंगेत पेढे वाटले. काहींनी नातू झाला असं समजून अभिनंदन केलं. नानांनी तेही स्वीकारलं.

लिओनार्ड बेली नावाच्या अमेरिकन माणसाने चकती फिरवून पातं खाली-वर करायची सोय केली आणि स्टॅन्लीने १८६९ मध्ये त्याचा धंदाच विकत घेतला, हे आमच्या दूधवाल्यालाही आता पाठ आहे. दूध नासायच्या आत निघावं म्हणून तो मान डोलावतो.

गंज काढायची नानांची पद्धत शास्त्रीय. गॅलरीत प्लॅस्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, शेजारी बॅटरीचा चार्जर. ऋण टोक रंध्याला, धन टोक दुसऱ्या कुठल्यातरी लोखंडाला. गंज सुटतो रंध्याचा आणि झिजतं ते दुसरं लोखंड. तिथे स्टेनलेस स्टील लावायचं नसतं, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, हे नानांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी काकूंच्या पातेल्यांना हात लावला नाही. भाकरीचा तवा घेतला. रात्रभर बुडबुडे आले. सकाळी रंधा करडा, स्वच्छ, आणि तव्यावर तांबड्या चिखलाचा थर. काकूंनी अबोला धरला. नानांनी त्या शांततेत रंध्याचा तळ घासून घेतला.

तळ घासणं हा तर सोहळाच. जाड काचेवर वॉटरपेपर चिकटवायचा, तळावर मार्करने आडव्या रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत रंधा पुढे-मागे. त्या वेळी पातं आत ओढलेलं, पण नेहमीसारखं कसून बसवलेलं हवं, कारण कसलं की तळ किंचित वाकतो. हे 'किंचित' सांगताना नानांचा आवाज कापरा होतो. खरं तर तळ पुढे, तोंडाशी आणि मागे नीट टेकला तरी लाकूड उत्तम निघतं. पण नानांना शेवटची रेघही सहन होत नाही.

धारेबद्दल विचारूच नका. नानांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजवा शाबूत आहे, कारण पातं त्या हातात असतं. सागाच्या एका फळकुटावर रंधा मारून काढलेला पापुद्रा ते पाहुण्याच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, "फुंकर मारू नका." पापुद्रा उडतो. मग दुसरा काढतात. ते फळकूट मी मोठं असताना पाहिलंय. आता ते पट्टीएवढं राहिलंय. रंध्याने आजवर केलेलं काम एवढंच.

जुलैत बाथरूमचं दार फुगलं. काकू म्हणाल्या, "अहो, मारा की तुमचा रंधा." नाना पांढरे पडले. दारात खिळा असेल. प्लाय असेल तर त्यातल्या गोंदाने धार मरते. शिवाय हवा दमट आहे, तेल लावून ठेवलेला रंधा उघडायचा कसा? तीन आठवडे दार लाथेने उघडलं जात होतं. शेवटी काकूंनी सुताराला बोलावलं. त्याने पिशवीतून लाकडी रंधा काढला, त्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. पाचरीवर हातोडीचे दोन ठोके, पात्यावर एक, आणि झाला कामाला सुरू.

मध्येच त्याची नजर फळीवरच्या रंध्यांच्या रांगेकडे गेली. त्याने चार नंबर उचलला, अंगठा धारेवर आडवा फिरवला.

"एक नंबर धार आहे, नाना. कशासाठी ठेवलाय?"

"तयार ठेवलाय."

"मग राहिलेली बाजू ह्यानंच मारतो."

नाना दोन्ही हात पसरून दारासमोर उभे राहिले. "नको नको, अजून थोडी धार बाकी आहे."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मारा हो तुम्ही. बाजूला झाले नाहीत तर ह्यांच्यासकट मारा."